बाई, डोकं अंगातच असतं ना?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार मॅडम,

मी सांगलीची. खासगी शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्स बघतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचं जेवण तुटलं, झोप गेली, कामावर जाणं बंद झालं. ऑगस्टमध्ये दोन दिवस नुसत्या पाण्यावर होते, तेव्हा दिरांना बोलावून त्यांना मानसोपचाराच्या हॉस्पिटलात भरती केलं. तीव्र नैराश्याचं निदान झालं. 12 दिवस ठेवलं, बिल 86,400 रुपये. आमचा 5 लाखांचा फॅमिली फ्लोटर आहे, म्हणजे घरच्या सगळ्यांची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी. मार्च 2019 पासून एकही हप्ता चुकवलेला नाही, एकही क्लेम घेतलेला नाही. तरी क्लेम नाकारला. कारणं दोन दिली आहेत: मानसिक आजार पॉलिसीत बसत नाहीत, आणि हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा असून आम्ही तो लपवला. डिस्चार्ज कार्डावर ‘कॉलेजपासून अधूनमधून उदास वाटतं’ अशी एक ओळ आहे, तीवरून हे. कॉलेजात असताना ते कुठल्याही डॉक्टरकडे गेलेले नव्हते.

आता दर महिन्याला डॉक्टरांची फी 800, गोळ्या 1,900 आणि समुपदेशनाच्या दोन बैठकांचे 2,000. हे म्हणतात, माझ्यापायी किती घालवशील, बंद करू या. मलाही धडधड होते म्हणून चार महिन्यांपासून एक गोळी चालू आहे. चांगल्या कंपनीत पॉलिसी पोर्ट करावी म्हटलं, तर एजंट म्हणतो फॉर्मवर यातलं काही लिहू नका. सासूबाईंचंही तेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी काय करू?

— एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो मी दोनदा पाहिले. चोवीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढली आहेत, त्यामुळे नकाराचं पत्र हातात आलं की त्यातलं कुठलं वाक्य टिकेल आणि कुठलं नाही, हेच आधी बघायची सवय लागली आहे. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं कागदावर असेल, तर कंपनीने दिलेली दोन्ही कारणं टिकणारी नाहीत. पैशांसाठी भांडायला आपल्याला वेळ आहे. मिस्टरांच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. त्यावर पुढे लिहिते.

पहिलं कारण आधी घेऊ. संसदेने 2017 साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि 29 मे 2018 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 21 चं चौथं पोटकलम एका वाक्याचं आहे. शारीरिक आजारावरच्या उपचारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी प्रत्येक विमा कंपनीने तरतूद केली पाहिजे. त्यात ‘शक्य असल्यास’ नाही, ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला इर्डा म्हणतो त्याने, सगळ्या कंपन्यांना हे कलम पाळायला सांगितलं. सप्टेंबर 2019 मध्ये पॉलिसीतून काय वगळता येईल आणि काय नाही याचे नियम आले. मानसिक आजार, ताणतणाव, मानसशास्त्रीय विकार हे यापुढे वगळता येणार नाहीत, असं त्यांत स्पष्ट आहे. तरीही काही कंपन्या ढिम्म राहिल्या, म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा परिपत्रक निघालं: 31 ऑक्टोबर 2022 पर्यंत तुमच्या सगळ्या पॉलिसींमध्ये मानसिक आजार आले पाहिजेत.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोकडे या. पुस्तिकेच्या ज्या पानावर ‘मानसिक आजार, ताणतणाव’ हे वगळलेल्या यादीत आहेत, ती पुस्तिका तुम्हाला एजंटने 2019 साली दिलेली आहे. त्यानंतर तुम्ही दरवर्षी पॉलिसी रिन्यू केली. ऑगस्टमध्ये मिस्टर भरती झाले तेव्हा जी पॉलिसी चालू होती, तिच्या अटी आजच्या नियमांप्रमाणेच असल्या पाहिजेत. क्लेम तपासणाऱ्याने जुनीच पुस्तिका समोर ठेवली असेल, किंवा कंपनीने अटी बदलल्याच नसतील. चूक पहिली असो वा दुसरी, तिचा भुर्दंड तुमच्यावर पडता कामा नये. कंपनीकडून चालू वर्षाच्या अटींची प्रत लेखी मागवा. ती मिळवायचा तुम्हाला हक्क आहे, आणि बऱ्याचदा ती हातात आल्यावरच निम्मं भांडण मिटतं.

कुणी म्हणेल, पॉलिसीत लिहिलंय ते लिहिलंय. हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयात होऊन गेलेला आहे. 2020 साली एका बाईंना मानसिक आजारासाठी भरती व्हावं लागलं. सरकारी विमा कंपनीने पॉलिसीतल्या अपवादावर बोट ठेवून क्लेम नाकारला. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कायदा लागू झाला त्या दिवसापासून, म्हणजे 29 मे 2018 पासून, कंपन्या या कलमाने बांधलेल्या आहेत, त्यामुळे तो अपवाद चालणार नाही. तुमच्या तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

इथे एक आठवण सांगते, कारण मी या विषयावर का लिहीत राहते हे तुम्हाला कळावं. कायदा येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. बार्शीकडचे एक शेतकरी मुलाच्या क्लेमचे कागद खताच्या पिशवीत घालून माझ्या टेबलाशी आले होते. मुलगा विशीतला, स्किझोफ्रेनिया, तीन आठवडे भरती. प्रत्येक पावती त्यांनी दाभणाने टोचून सुतळीत ओवली होती, तारखेप्रमाणे, एकही मागेपुढे नाही. मी पॉलिसी उघडून त्यांना कलम दाखवलं आणि म्हटलं, हे अंगाच्या आजारांसाठी असतं, डोक्याच्या नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाई, डोकं अंगातच असतं ना?” तेव्हाच्या नियमांनी मला ‘नामंजूर’ लिहावं लागलं, आणि मी लिहिलं. ती सुतळी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आज तसं लिहिणाऱ्याच्या हाताला कायदा धरतो. म्हणून तुम्ही गप्प बसू नये असं मला फार वाटतं.

आता दुसरं कारण, ‘आधीपासूनचा आजार’. विम्याच्या भाषेत आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठराविक काळात, आजच्या नियमांनुसार 36 महिन्यांत, डॉक्टरने ज्याचं निदान केलं होतं किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतला होता, तो. कॉलेजात उदास वाटणं यात बसत नाही. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून महिनाभर तोंड पाडून फिरलेला कोण आपल्यात नाही? मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या दिवशी रुग्णाला विचारतात, असं आधी कधी वाटलं होतं का? रुग्ण खरं सांगतो, आणि ज्युनिअर डॉक्टर ते केसपेपरवर उतरवून घेतो. उपचारासाठी विचारलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर क्लेम नाकारायला वापरायचं, हे मला या धंद्यातलं सगळ्यात टोचणारं काम वाटतं. असंच चालू राहिलं तर उद्या माणसं डॉक्टरशीही खरं बोलायची नाहीत.

समजा क्षणभर धरून चाललो की आजार आधीपासूनचा होता. तरी काय? 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, जास्तीत जास्त 36 महिने आहे. तुमची पॉलिसी सहा वर्षं अखंड चालू आहे. आणि पॉलिसीला सलग 60 महिने झाले की ‘तुम्ही अमुक माहिती दिली नव्हती’ या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, ती आता पाच झाली. मध्ये विमा रक्कम वाढवून घेतली असेल तर वाढीव भागाची पाच वर्षं वाढवल्यापासून मोजतात. तुमचा 5 लाखांचा आकडा पहिल्यापासून तोच असेल तर हा प्रश्नही येत नाही.

डॉक्टरांकडून एक साधं प्रमाणपत्र घ्या: नैराश्याचं पहिलं निदान कोणत्या तारखेला झालं, आणि त्याआधी रुग्णाने मानसोपचार घेतल्याची कुठलीही नोंद नाही. डिस्चार्ज कार्डावरची ती ओळ खोडून द्या असं मात्र डॉक्टरांना म्हणू नका. खाडाखोड दिसली की चांगला क्लेमही संशयात जातो. पूर्ण केसपेपर हवे असतील तर आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवायचा हक्क त्याच 2017 च्या कायद्याने, कलम 25 ने, रुग्णाला दिला आहे. अर्जावर सही मिस्टरांची घ्या. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रतही मागून घ्या. मानसिक आजाराचा क्लेम देताना कंपन्या हॉस्पिटल या कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते बघतात, आणि दोन कारणं पडली की तिसरं तिथून निघतं. मी ते निघताना पाहिलंय.

तक्रार करायची कशी? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, आणि तीच तक्रार इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर. फोन करायचा तर 155255. एजंटच्या किंवा टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेमचं काम बघणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या) फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका, सगळं लेखी ठेवा. मजकूर लांबलचक नको. असा चालेल:

“माझे पती अमुक तारखेपासून 12 दिवस तीव्र नैराश्यासाठी भरती होते. तुम्ही मानसिक आजार वगळलेले आहेत असं कळवलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 21(4) आणि इर्डाचे नियम पाहता हे कारण लागू होत नाही. आजार पॉलिसीपूर्वीचा असल्याचं निदान वा उपचाराचा कोणताही कागद तुम्ही दिलेला नाही, आणि पॉलिसीला 60 महिन्यांहून अधिक काळ झाला आहे. क्लेम नाकारण्याचा निर्णय आपल्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीने मंजूर केला आहे का, ते कळवावं.”

शेवटचं वाक्य गाळू नका. इर्डाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारायचा तर तो कंपनीच्या समितीपुढून जावा लागतो, एकट्या टीपीएला परस्पर नाकारता येत नाही. हे वाक्य वाचलं की फाइल वरच्या टेबलावर जाते.

कंपनीने तक्रारही फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. सांगली पुण्याच्या कार्यालयाच्या हद्दीत येते. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे घेतात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुमचं समाधान झालं नाही तर तुम्हाला ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. सुनावणीत घाबरायचं काही नाही, रोज पन्नास पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला तर नाहीच.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये भरतीच्या आधीच्या 30 आणि डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा खर्च त्याच आजारासाठी मिळतो. डॉक्टरांची फी, गोळ्या, तपासण्या, सगळं. डिस्चार्जनंतरच्या दोन महिन्यांच्या पावत्या तुमच्याकडे असतील. त्या मूळ क्लेमला जोडा. समुपदेशनाच्या पावतीवर समुपदेशकाचा नोंदणी क्रमांक आणि ‘अमुक डॉक्टरांच्या सल्ल्याने’ असं लिहून घ्या, नाहीतर ती बाजूला काढतात.

पण दोन महिन्यांनंतर काय? तुमच्या पत्रातली खरी जखम इथे आहे, आणि इथे मला तुमच्याहून जास्त विमा कंपन्यांशी बोलायचं आहे. त्यांतले काहीजण हे सदर वाचतात, मला माहीत आहे.

आपला मेडिक्लेम बेतलेला आहे तो ऑपरेशनच्या हिशेबाने. माणूस 24 तास भरती झाला की पैसे, घरी राहिला की शून्य. अपेंडिक्सला हे ठीक. मनाच्या आजाराचं तसं नसतं. शंभरातल्या बहुसंख्य रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. दर महिन्याला डॉक्टर, रोजची गोळी, दोन आठवड्यांतून एकदा तासभर कुणाशी तरी नीट बोलणं, एवढ्यावर माणूस उभा राहतो आणि कामावर जातो. म्हणजे कायद्याने मनाला आणि शरीराला एका पंगतीत बसवलं खरं, पण वाढणारा अजून भरतीचीच चिठ्ठी मागतो. नुसतं ‘आमच्या पॉलिसीत मानसिक आजार आहेत’ असं छापून हे कलम पाळलं जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेबही विमा कंपनीच्याच बाजूचा आहे. तुमचेच आकडे घेते. महिन्याला 4,700, वर्षाला 56,400. आणि उपचार तुटल्यामुळे पुन्हा एकदा भरती व्हावं लागलं तर 86,400, शिवाय मिस्टरांचा बुडालेला पगार आणि घराचं गेलेलं स्वास्थ्य. रोजच्या उपचाराला पैसे देणं कंपनीलाही स्वस्त पडतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. खर्च हे त्याचं एकमेव कारण नाही, पण ‘माझ्यापायी किती घालवशील’ हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे.

ओपीडीचा विमा जमत नाही, गैरवापर होतो, असं कंपन्यांचे लोक सांगतात. मग केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघावी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी आहे, 1 लाखापर्यंत. तीत ओपीडी आहे, थेरपीसुद्धा आहे, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. करायचं ठरवलं तर करता येतं. मनाच्या आजारांसाठी वर्षाला ठराविक भेटी, ठराविक बैठका आणि गोळ्यांचं बिल मूळ पॉलिसीतच धरावं, वेगळा रायडर, म्हणजे जादा हप्त्याची पुरवणी, विकू नये. गोळ्या नियमित घेणाऱ्याला हप्त्यात सवलत द्यावी. चालण्याच्या पावलांवर सवलत देणाऱ्या योजना आहेतच, मग गोळी न चुकवण्यावर का नको?

सब-लिमिटचंही, म्हणजे एखाद्या आजारापुरत्या कमी मर्यादेचंही, तेच. दिल्लीतल्याच एका प्रकरणात विमा रक्कम 35 लाख होती आणि मानसिक आजारासाठी मर्यादा 50 हजार. हप्ता घेतला पस्तीस लाखांचा. कायदा ‘त्याच आधारावर’ म्हणतो, त्याच्याशी हे कसं जुळतं?

व्यसनांचा प्रश्न याहून अवघड. 2017 च्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. पण विम्यातल्या प्रमाणित अपवादांच्या यादीत व्यसनमुक्तीचे उपचार अजून वगळलेलेच आहेत. एक कायदा आजार म्हणतो, दुसरा नियम त्याला दाराबाहेर उभं करतो. नैराश्यात दारू लागलेल्या माणसाचा क्लेम याच फटीत अडकतो. तुमच्या घरी हा प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी असेल. त्यांनी डिस्चार्ज कार्डावर मुख्य निदान काय लिहिलं आहे ते भरती असतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणि भाषा. टीपीएकडून घरी येणारा फोन, चौकशीला येणारा माणूस. एका घरी चौकशीवाला आधी शेजाऱ्यांकडे गेला आणि “इथलेच ना ते, वेड्याच्या दवाखान्यात होते?” असं विचारून आला, हे त्या घरातल्या सुनेने मला रडत सांगितलं होतं. त्या कुटुंबाने क्लेमच मागे घेतला. हृदयविकाराच्या रुग्णाची चौकशी कुणी अशी करत नाही. क्लेम विभागातल्या प्रत्येकाला महिनाभर नको, दोन दिवस जरी एखाद्या मानसोपचार ओपीडीत नुसतं बसवलं तरी हे थांबेल. मी स्वतः असं एकदा बसले होते, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी. फार उशीर झाला होता.

आता पोर्टिंग आणि तो फॉर्म. सासूबाईंची मूठ घराच्या इज्जतीसाठी ठीक असेल, विम्यात ती क्लेमच्या वेळी उघडतेच. नव्या कंपनीचा फॉर्म विचारणार, सध्या काही औषध चालू आहे का? तुम्ही ‘नाही’ लिहिलंत आणि दोन वर्षांनी पित्ताशयाच्या खड्यांसाठी भरती झालात. तेव्हा आधीची सगळी प्रिस्क्रिप्शन मागवली जातील आणि ती धडधडीची गोळी बाहेर येईल. पित्ताशयाशी तिचा काही संबंध नसतानाही माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द व्हायची पाळी येऊ शकते. एजंट तेव्हा फोन उचलत नाहीत. त्यांचं कमिशन तुमच्या ‘नाही’वर ठरतं, तुमचा क्लेम तुमच्या ‘हो’वर.

खरं लिहा: कधीपासून, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, आणि कामावर नियमित जाते. फार तर त्या एका आजारासाठी वेटिंग पिरियड लावतील किंवा हप्ता थोडा वाढवतील. पॉलिसी सरळ नाकारली तर कारण लेखी मागा. मानसिक आजार असलेल्यांना विमा देण्याबाबतचं आपलं धोरण कंपन्यांनी वेबसाइटवर जाहीर करावं असं इर्डाने 2020 मध्येच सांगितलं आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तर दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी खास पॉलिसी आणायलाही सांगितलं.

पण ताई, मला विचाराल तर तुम्ही आत्ता पोर्ट करूच नका. सहा वर्षांची पॉलिसी हे तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. वेटिंग पिरियड संपलेले, पाच वर्षांची मुदत उलटलेली. क्लेम घेतला या कारणाने कंपनी रिन्युअल नाकारू शकत नाही आणि विमा रक्कम तेवढीच ठेवली तर नवी तपासणीही करत नाही, त्यामुळे मिस्टरांच्या आजाराची ‘नोंद झाली’ म्हणून या पॉलिसीत भ्यायचं काही नाही. पोर्टिंगमध्ये जुनी वर्षं धरली जातात खरी, पण नवी कंपनी मिस्टरांना घ्यायला बांधील नाही. आधी या क्लेमचा निकाल लागू द्या. मग त्याच कंपनीत ओपीडी असलेल्या योजनेत बदलून मिळतं का विचारा. तरी जायचंच ठरलं, तर नव्या कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता भरत राहा.

तोवरच्या 4,700 चं काय? सांगली आणि मिरजेची सरकारी रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत, तिथे मानसोपचार विभाग आहे. सध्याच्या डॉक्टरांनाच विचारा की यातल्या कोणत्या गोळ्या सरकारी रुग्णालयात मिळू शकतील. बरेच डॉक्टर स्वतः चिठ्ठी देतात, त्यांना वाईट वाटत नाही. समुपदेशनाच्या दोन बैठकांची एक करायची का, तेही त्यांच्याशी बोलूनच ठरवा, घरी बसून नको. मिस्टरांच्या ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तोही काढून बघा. त्यात आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड बहुधा नसतो आणि काही कंपन्यांत समुपदेशनाच्या बैठका मोफत असतात. रात्री-अपरात्री त्यांचं किंवा तुमचं मन फार बिघडलं, जगणं नको असं कुणाच्या तोंडून आलं, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. फ्रिजवर लिहून ठेवा. तुमची धडधडही त्यांना सांगा. सहा महिने तुम्ही एकटीने हे घर ओढलंय, ती उगीच नाही.

मिस्टरांना माझा एक निरोप द्या. अकाउंट्समधल्या माणसाला हिशेबाची भाषा कळते. सहा वर्षं त्यांनीच हप्ते भरलेत आणि त्यातून एक रुपयाही उचललेला नाही. हे पैसे त्यांचेच आहेत, कुणाचे उपकार नाहीत. जमलं तर तक्रारीची फाइल त्यांनाच लावू द्या, पावत्या तारखेने, बिलांची बेरीज शेवटी. त्यांच्याइतकी नीट ती कुणालाच लावता येणार नाही.

नकाराच्या पत्रावर 9 डिसेंबरची तारीख आहे. तक्रार या आठवड्यात जाऊ द्या आणि कालनिर्णयच्या पानावर दोन खुणा करा: तक्रार पाठवल्यापासून तिसावा दिवस, आणि कंपनीचं उत्तर आलं तर त्या तारखेपासून वर्ष. लोकपालाकडे जायची मुदत त्या वर्षापुरतीच असते.